दिवस भरेपर्यंत

घोडेवाल्यांच्या घरात सून म्हणून आलेल्या बाईला पहिल्या महिन्यातच एक गोष्ट उमगते. इथं माणसं जेवली का हे नंतर विचारतात, घोडीनं तोबरा संपवला का हे आधी विचारतात. आम्ही दोघी जावा या घरात वेगवेगळ्या वर्षी आलो, पण शिकलो ते एकाच तबेल्यात. आमचे सासरे मिरजेत टांगा चालवत. रिक्षा वाढल्या तशी टांग्याची मिळकत आटली आणि घरातल्या पुरुषांनी लग्नाच्या वरातींसाठी घोड्या ठेवायला सुरुवात केली. नवरदेव कुठल्याही धर्माचा असो, घोडी आमची. पुरुष वरातीला जातात, सुपाऱ्या घेतात, हिशेब करतात. चारापाणी, खरारा, खुरांची सफाई आणि दुखलंखुपलं बघणं मात्र आमच्याकडे. त्यामुळे घोडी गाभण राहिली की तिचे दिवस मोजण्याचं कामही आपोआप आमच्याकडेच येतं.

हा लेख त्या दिवसांबद्दल आहे. गाय-म्हैस विणार असेल तर गावात दहा जाणती माणसं सापडतात. दूध डेअरीचे डॉक्टर असतात, चावडीवर माहितीची पत्रकं लागलेली असतात. घोडीच्या बाबतीत तसं नसतं. घोड्या थोड्या, त्या राखणारी घरं विखुरलेली, आणि घोडीचं वेत बिघडायला लागलं की ते काही तासांत, कधी तर काही मिनिटांत हातातून जातं. गेली दोन वर्षं आसपासच्या घोडेवाल्यांच्या घरातल्या बायका आमच्याकडे विचारायला येतात. सगळ्यांना जे तोंडी सांगतो ते एकदा नीट लिहून काढावं, असं आमच्या सासूबाईंनीच सुचवलं.

आधी दिवसांचा हिशेब. घोडीचे दिवस सरासरी ३४० धरतात, म्हणजे सव्वाअकरा महिने. पण एखादी घोडी ३२० दिवसांतच धडधाकट शिंगरू देते, तर एखादी वर्ष पुरं करते, आणि दोन्ही गोष्टी नेहमीच्याच. ३२० दिवसांच्या आत आलेलं शिंगरू अपुऱ्या दिवसांचं समजावं. ३०० दिवसांच्याही आधी आलेलं शिंगरू जगणं फार कठीण. म्हणून घोडा दाखवल्याची तारीख लिहून ठेवणं ही पहिली गरज. तारीखच माहीत नसेल, तर कासेत दूध दिसल्यावर आनंद मानायचा की घाबरायचं, हेच कळत नाही.

आमच्या तबेल्यात भिंतीला एक वही टांगलेली असते. तीत डाव्या बाजूला इंग्रजी तारीख आणि उजव्या बाजूला चांदाची तारीख, अशी सासऱ्यांच्या काळापासूनची पद्धत आहे. त्या वहीत नूरीच्या नावापुढे ४ मे २०२२ ही तारीख आहे. आदल्या दिवशी रमजान ईद होती, म्हणून ती वही न बघताही लक्षात राहिली असती.

नूरी ही आमची नुकरी घोडी. डिसेंबर २०१९ मध्ये दत्तजयंतीच्या वेळी तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या घोडेबाजारातून घरच्या पुरुषांनी ती आणली. पांढरीशुभ्र, लांब मानेची, बँडच्या आवाजाला न बुजणारी. ती आली आणि तीन महिन्यांत टाळेबंदी लागली. लग्नं थांबली, वराती थांबल्या, खाणं मात्र थांबलं नाही. त्या काळात घरातले दागिने मोडून भुसा घेतला, पण घोडी विकली नाही. त्यामुळे २०२२ मध्ये ती गाभण राहिली तेव्हा घरात सगळ्यांच्याच मनात एक हिशेब होता. नुकऱ्या घोडीचं चांगलं शिंगरू म्हणजे टाळेबंदीत झालेलं कर्ज निम्मं तरी फिटण्याची आशा.

शेवटचे तीन महिने गाभण घोडीला वरातीला न्यायचं नाही, असा आमच्या घरचा नियम. पोटातलं शिंगरू याच तीन महिन्यांत झपाट्यानं वाढतं. त्याच्या वजनाचा मोठा भाग याच काळात तयार होतो. घोडीला रोज मोकळं फिरवावं, पण चार तास डांबरी रस्त्यावर, फटाक्यांच्या धुरात उभं करू नये. फेब्रुवारीत एका मोठ्या घरची सुपारी आली. पैसेही दुप्पट देत होते, घोडी मात्र नूरीच हवी होती. घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तिच्या पोटात जे आहे त्याचाही या घरावर हक्क आहे." सुपारी परत केली.

त्यानंतर आठवडाभरातच, २४ फेब्रुवारीला सकाळी खरारा करताना नूरीची कास भरलेली दिसली. सडांच्या टोकांशी दुधाचे थेंब सुकले होते आणि मागच्या पायाच्या आतल्या बाजूला पांढरट ओघळ होता. शेजारच्या दोघा-तिघांनी येऊन बघितलं आणि "आता चार दिवसांत विते" म्हणून मुबारकबादही देऊन गेले. वहीप्रमाणे मोजलं तर तो २९६वा दिवस होता.

घोडीची कास साधारणपणे विण्याच्या दोन ते चार आठवडे आधी भरू लागते. अगदी शेवटी, एक-दोन दिवस आधी, सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट मणी जमतात. २९६व्या दिवशी कासेतून दूध गळणं हे विण्याचं लक्षण धरायचं नसतं. आत काहीतरी बिघडलं आहे, असा त्याचा अर्थ. कारणं मुख्यतः दोन. एक तर पोटात जुळं असतं. घोडीच्या गर्भाशयात दोन वारांना पुरेशी जागा नसते, त्यामुळे जुळं बहुधा शेवटच्या महिन्यांत पडून जातं. किंवा मग वारेला जंतूंची लागण झालेली असते. वार म्हणजे शिंगराचा पोटातला श्वास आणि पोटातलं अन्न. तिला सूज आली की शिंगरू उपाशी पडतं आणि घोडीच्या शरीराला चुकीचा निरोप जातो, की दिवस भरले.

फोन केल्यावर तासाभरात डॉक्टर आले. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले तरुण गृहस्थ. आमच्या तालुक्यात घोड्यांचं त्यांच्याइतकं कोणी बघत नाही. त्यांनी सोनोग्राफीचं छोटं मशीन आणलं होतं. गुदमार्गातून तपासून त्यांनी गर्भाशयाची भिंत आणि वार यांची मिळून जाडी मोजली. त्या दिवसांत ती ८ मिलिमीटरच्या आत असायला हवी. नूरीची १३ भरली. पोटात एकच शिंगरू होतं आणि त्याच्या हृदयाचे ठोके पडद्यावर स्वच्छ दिसत होते. मग त्यांनी शेपटी बाजूला करून आम्हाला बाहेरूनच दाखवलं. आधीच्या वेतात, आमच्याकडे येण्यापूर्वी, नूरीचं मायांग फाटलेलं होतं आणि ते नीट जुळून आलं नव्हतं. त्यातून हवा आणि लिदीचे कण आत जात होते. जंतू त्याच वाटेनं चढून गर्भाशयाच्या तोंडाशी, वारेपर्यंत पोचले होते.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. औषधं सुरू केली तरी शिंगरू वाचेलच असं सांगता येत नाही, पण नाही केली तर ते आठवड्या-दोन आठवड्यांत पडणार हे जवळजवळ नक्की, असं ते म्हणाले. शिंगरू पोटात जितके दिवस जास्त राहील तितकं बरं. विशेष म्हणजे, अशा लागणीत पोटातलं शिंगरू थोडं लवकर पक्व होतं, म्हणून ३२० दिवसांपर्यंत जरी पोचता आलं तरी आशा धरता येईल.

औषधं तीन प्रकारची होती. जंतू मारण्यासाठी प्रतिजैविकाच्या गोळ्या, दिवसातून दोनदा. सूज आणि वेदना कमी करणारं औषध. आणि गर्भाशय शांत ठेवणारं आल्ट्रेनोजेस्ट नावाचं हार्मोन. ते पातळ औषध रोज तोंडातून द्यायचं होतं आणि पुण्याहून मागवावं लागलं. हे औषध त्वचेतूनही शरीरात शिरतं. गर्भार बाईनं ते हाताळायचंच नाही, इतर बायकांनीही हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, अशी ताकीद डॉक्टरांनी दिली. आमच्यातली धाकटी तेव्हा पाच महिन्यांची होती. त्या दिवसापासून गोळ्या कुटून गुळात कालवण्याचं काम धाकटीकडे आणि बाटलीचं काम थोरलीकडे, अशी वाटणी झाली. बाटली तबेल्यातल्या कपाटात कुलपात ठेवली. घोड्या राखणाऱ्या प्रत्येक घरातल्या बाईला ही गोष्ट माहीत असायला हवी, म्हणून ती मुद्दाम लिहीत आहोत.

खर्चाचा प्रश्न आला तेव्हा घरात शांतता पसरली. औषधं महिनाभर चालणार होती आणि पुढच्या कमाईची काहीच खात्री नव्हती. एका नातलगानं सुचवलं की गरम काढा पाजून घोडी लवकर मोकळी करावी, शिंगराचं काय व्हायचं ते होऊ दे, घोडी तरी मे महिन्याच्या लग्नांना उभी राहील. दुसऱ्या कोणी सांगितलं की ही नजर आहे, गळ्यात तावीज बांधा. सासूबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि मग घरातल्या सगळ्यांना बसवून आपल्या तरुणपणीची एक गोष्ट सांगितली.

सासऱ्यांकडे तेव्हा कुमैत रंगाची एक घोडी होती. ती विताना पांढऱ्या पिशवीऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी बाहेर आली. जमलेल्या लोकांनी अपशकुन म्हणून तोंडं फिरवली. कोणाला काय करायचं ते ठाऊकच नव्हतं. शिंगरू आतच गुदमरलं. "लाल पिशवी म्हणजे काय हे आम्हाला सांगणारं त्या काळी कोणी नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "आज सांगणारा आपल्या दारात उभा आहे. अल्लाहनं इलम दिलंय ते वापरायचं नाही आणि दुआ मात्र मागायची, हे बरोबर नाही." उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, ही शिकवण आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी आमच्या घरात ती अमलात आली. सदका दिला, दुआ मागितली आणि औषधंही सुरू झाली.

पुढचे तेहतीस दिवस आमच्या दिवसाचं वेळापत्रक नूरीनं ठरवलं. फजरनंतर पहिली गोळी, मगरिबनंतर दुसरी. सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. निरोगी घोडीचा ताप ३७ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. शेपटीखाली काही स्राव दिसतो का, कास किती भरली, पोटाखाली सूज आहे का, हे सगळं वहीत लिहायचं. शेवटच्या महिन्यात पोटाखाली थोडी सूज येणं नेहमीचं असतं. घोडी फिरली की ती उतरते. पण सूज अचानक वाढली, हात लावल्यावर घोडी दुखून मागं सरली, पोट एका बाजूला झुकलं किंवा कासेतून रक्तमिश्रित दूध आलं, तर पोटाचे स्नायू नाहीतर त्यांना धरून ठेवणारी शीर फाटत असण्याची शक्यता असते. अशा घोडीला पाऊलभरही चालवू नये.

चाऱ्याबाबत डॉक्टरांनी एक गोष्ट ठासून सांगितली. गाभण घोडी जाड दिसते म्हणून तिचं खाणं एकदम तोडायचं नाही. विशेषतः तट्टू आणि गाढवी उपाशी राहिल्या की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बिघडतं आणि जीवही जातो. एक दिवस जरी खाणं टाकलं तरी डॉक्टरांना कळवावं. आम्ही नूरीला कडबा, लसूणघास, भिजवलेले हरभरे आणि चोकर, थोडं थोडं करून दिवसातून चारदा देत होतो. धनुर्वाताची लस विण्याच्या महिनाभर आधी टोचली. आईला टोचलेल्या लशीचं बळ चिकातून शिंगराला मिळतं, म्हणून ती याच सुमाराला टोचायची असते.

चिकाचीच आमच्यापुढे मोठी अडचण होती. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच थोडी प्रतिकारशक्ती मिळते. शिंगराला ती मिळत नाही, कारण घोडीची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे काहीच नसतं. जे मिळायचं ते पहिल्या चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांतच, कारण चोवीस तासांत त्याच्या आतड्याची ती वाट बंद होते. नूरीचं दूध औषधांनी कमी झालं, तरी थोडं थोडं गळतच होतं. म्हणजे शिंगरू येईपर्यंत चीक वाहून जाणार होता. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या घोडीचा चीक आधीच मिळवून ठेवा.

त्या वेळी गावाबाहेरच्या उसाच्या रिकाम्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढरं रानात बसवायला ते दरवर्षी येतात आणि बिऱ्हाड वाहायला त्यांच्याकडे घोड्या असतात. चौकशी केली तर एक घोडी आदल्या रात्रीच व्याली होती. आम्ही दोघी बाटली उकळून घेऊन गेलो. धनगरीण बाईंनी आधी आपलं शिंगरू पोटभर पिऊ दिलं आणि मग जेमतेम पाव लिटर चीक काढून दिला. पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागं घेतला. "चिकाचे पैसे घेत नसतात, बाई. तुमचं जगलं तर सांगायला या," एवढंच म्हणाल्या. आठवड्यानं त्यांची दुसरी घोडी व्याली तेव्हा त्यांनी स्वतःच पोराकरवी निरोप धाडला. असा अर्धा लिटर चीक आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात जमा झाला. बाटल्यांवर तारीख लिहिली. चीक वापरताना तो कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवायचा असतो. उकळला की त्यातलं सत्त्व मरतं.

मार्चच्या मध्याला ३१५वा दिवस उलटला. २४ मार्चला रमजानचा पहिला रोजा झाला तेव्हा आम्ही ३२४व्या दिवसावर होतो. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. वारेची जाडी ११ मिलिमीटरवर आली होती, ठोके चांगले होते. इथून पुढचा प्रत्येक दिवस नफ्याचा, असं ते म्हणाले. त्याच वेळी त्यांनी आम्हाला लाल पिशवीबद्दल समजावून सांगितलं. वारेला लागण झालेल्या घोडीत वार जाड होते आणि गर्भाशयापासून वेळेआधीच सुटते. नेहमीच्या विण्यात आधी पाणमोट फुटते आणि मग पांढरट-निळसर, पातळ पडद्यात गुंडाळलेले पुढचे पाय दिसतात. त्याऐवजी लाल मखमली पिशवी दिसली, तर समजायचं की वार सुटली आहे आणि शिंगराचा श्वास तुटला आहे. तेव्हा डॉक्टरांची वाट बघायची नाही. ती पिशवी तिथल्या तिथे कात्रीनं फाडायची, आतला पांढरा पडदा बाजूला करायचा आणि घोडीच्या कळेबरोबर शिंगराला खालच्या दिशेनं ओढायचं. त्यांनी जुन्या गोणपाटावर दोनदा करून दाखवलं आणि आमच्याकडून चारदा करून घेतलं.

तबेल्याच्या खुंटीला एक पिशवी टांगली. तिच्यात उकळलेली बोथट टोकाची कात्री, विजेरी, शेपटीला गुंडाळायची पट्टी, साबण, स्वच्छ टॉवेल, बेंबीला लावायचं जंतुनाशक आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा.

घोड्या बहुतेक करून रात्रीच वितात, आणि कोणी टक लावून बघत असेल तर कळा लांबवतातही. म्हणून आम्ही तबेल्यालगतच्या पडवीत पडदा लावून बसायचो. पुरुष तरावीहहून आले की त्यांची पाळी, सहरीच्या तयारीपर्यंत आमची. २९ मार्चच्या रात्री, म्हणजे ३० तारीख लागल्यावर, पावणेदोनच्या सुमाराला नूरी घामेजली, दोनदा उठली-बसली आणि आडवी झाली. विजेरीच्या उजेडात जे दिसलं ते लाल होतं.

थोरलीनं कात्री चालवली. धाकटीला पोटामुळे घोडीच्या मागच्या पायांजवळ जायची मनाई होती, तिनं विजेरी धरली आणि डॉक्टरांना फोन लावला. दीर आणि घरचे धावत आले. दोन कळांत शिंगरू बाहेर आलं. जीभ निळी, अंग ढिलं. नाकातोंडातला चिकट द्रव पुसला, टॉवेलनं बरगड्या जोरात चोळल्या, नाकपुडीत कडब्याची काडी फिरवली. किती वेळ गेला ते आजही कोणाला नक्की सांगता येत नाही. मग ते शिंकलं. सासूबाई पडवीत जानमाजवर होत्या. शिंक ऐकून त्यांनी तिथूनच विचारलं, "कोण शिंकलं?"

डॉक्टर साडेतीनला पोचले. घोड्यांच्या घरात एक, दोन, तीनचा हिशेब लक्षात ठेवावा. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत त्यानं आईला प्यायला हवं, आणि तीन तासांत वार पडायला हवी. आमचं शिंगरू अडीच तासांनी उभं राहिलं, तेही आधारानं. ओठ हलत होते पण चोखत नव्हतं. तोवर डॉक्टरांनी नळीनं धनगरांच्या घोड्यांचा चीक त्याच्या पोटात घातला होता. उरलासुरला आईचा चीकही काढून दिला. वार तीन तास उलटले तरी पडली नव्हती. ती कधीही ओढायची नाही. ओढली तर तुकडा आत राहतो, गर्भाशय सडतं, आणि घोडीचा तो ताप खुरांत उतरून ती कायमची लंगडी होते. लोंबणारा भाग पायाखाली येऊ नये म्हणून आम्ही त्याची गाठ मारून ठेवली होती. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि सूर्योदयाच्या सुमाराला वार पडली. ती जमिनीवर पसरून तिची दोन्ही टोकं शाबूत आहेत का हे त्यांनी बघितलं. एका बाजूला तळहाताएवढा भाग जाड, तपकिरी आणि चिकट होता. महिनाभर ज्याच्याशी झगडत होतो ते असं समोर पडलेलं बघताना आम्ही दोघी काहीच बोललो नाही. त्या दिवशी सहरीला घरात कोणी दोन खजूर आणि पाण्यापलीकडे काही खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिंगराच्या रक्ताची तपासणी झाली. प्रतिकारशक्ती काठावर होती, म्हणून पाच दिवस इंजेक्शनं चालली. तिसऱ्या दिवशी ते आपणहून आईला प्यायलं. मादी शिंगरू, बछेरी. सासूबाईंनी तिचं नाव सबा ठेवलं. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचा डबा घेऊन धनगरांच्या वाड्यावर गेलो, तर ते बिऱ्हाड हलवून पुढच्या गावाला गेले होते. दीर मोटारसायकलवरून तिथवर जाऊन सांगून आले.

आता जे नूरीच्या वाट्याला आलं नाही पण इतर घरांतून आमच्या कानावर आलं, तेही थोडक्यात सांगतो. शेवटच्या महिन्यांत घोडी पोट दुखून लोळत असेल, तर ती साधा पोटशूळ नसून गर्भाशयाला पीळ पडलेला असू शकतो. घरगुती औषधं पाजत बसू नये. पाणमोट फुटल्यावर घोडी साधारण अर्ध्या तासात मोकळी होते. पंधरा मिनिटांत काहीच पुढे सरकत नसेल किंवा एकच पाय दिसत असेल, तर शिंगरू आडवं आहे असं समजून डॉक्टरांना बोलवावं, आणि ते येईपर्यंत घोडीला उठवून चालवत ठेवावं. एखादी घोडी सात महिन्यांनंतर अचानक, काही लक्षण न दाखवता गाभ टाकते, तेव्हा ती विषाणूची साथ असू शकते. अशा घोडीला बाकीच्यांपासून वेगळं बांधावं, पडलेला गर्भ आणि वार कुत्र्यांना ओढू देऊ नये, आणि तिच्याकडे जाणाऱ्यानं हातपाय धुतल्याशिवाय दुसऱ्या गाभण घोडीकडे जाऊ नये. या साथीवरची लस असते; ती कधी टोचायची ते डॉक्टरांना गाभणपणाच्या सुरुवातीलाच विचारावं.

आमच्यासारख्या घरांत घोडा हे पोटाचं साधन. कुरआनातली सूरह आदियात धावत्या घोड्यांच्या शपथेनं सुरू होते, हे आमच्या मुलांना मदरशात कळण्याआधी तबेल्यात कळतं. प्रेषितांनी (स.) मुक्या जनावरांवर बोजा लादण्याबद्दल, त्यांना उपाशी ठेवण्याबद्दल जे बजावलं आहे, ते वाजात ऐकणं सोपं असतं. दुप्पट पैशांची सुपारी हातात असताना ते आठवणं अवघड. म्हणून घरातल्या बायकांनी ते आठवणीत ठेवायचं, आणि बोलून दाखवायचं.

घोडी व्याल्यावर आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते. घोडा बाळगणाऱ्यानं तेव्हा लगेच निरोप पाठवला होता, की वर्ष वाया घालवू नका. डॉक्टरांचं मत होतं की आधी मायांगाला टाके घालून ती वाट बंद करायला हवी, आणि गर्भाशयालाही विश्रांती हवी. ते टाके पुढच्या विण्याआधी आठवणीनं सोडवावे लागतात, नाहीतर घोडी फाटते. म्हणून ती तारीखही वहीत लिहावी लागते. आम्ही त्या वर्षी घोडा दाखवला नाही. कर्ज निम्मं फिटायचं होतं, ते अजून फिटतंय, वरातीच्या पैशांतून थोडं थोडं. सबाला दोनदा गिऱ्हाईक आलं. पुरुषांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही सासूबाईंकडे बघितलं. त्या तेव्हा नातवाला मांडीवर घेऊन तबेल्याच्या दारात बसल्या होत्या. धाकटीचा मुलगा त्याच वर्षी जुलैत, दिवस पुरे भरून झाला. सासूबाईंनी गिऱ्हाइकाला चहा पाजला आणि घोडी विकायची नाही म्हणून सांगितलं.